आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांनाही 'स्वाधार' द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीए म्हणून प्रॅक्टिस करतो. पतसंस्था, जिनिंग, दूध संस्था आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या यांची ऑडिट हे आमचं रोजचं काम. आमच्या भागातल्या दलित, गरीब घरांतल्या मुलामुलींची सीए होण्याची वाट नेमकी कुठे अडते, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. अडचण आपल्या खात्याच्या हातात सुटण्याजोगी आहे.

सीएला डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममध्ये राहून प्रत्यक्ष काम शिकणं, आणि शेवटी फायनल. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटचं (आयसीएआय) अभ्यास साहित्य वेबसाइटवर फुकट मिळतं, ऑनलाइन वर्गही मोफत आहेत. त्यामुळे जिद्दीचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याला राहून, मोबाइलवर व्याख्यानं ऐकत इंटरपर्यंत पोचते. मी अशी मुलं पाहिली आहेत. गाडी अडते ती त्यापुढे, आर्टिकलशिपला.

आमच्या ऑफिसात उन्हाळ्यात टॅलीच्या नोंदी करायला एक मुलगी यायची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळी उरकली की घराला कुलूप. तिने जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहात राहून बी.कॉम. केलं आणि इंटरचे दोन्ही ग्रुप काढले. मला नियमाप्रमाणे जितके आर्टिकल (आर्टिकलशिप करणारे विद्यार्थी) घेता येतात तितके माझ्याकडे आधीच होते. पुण्याच्या एका फर्मने तिला घ्यायचं कबूल केलं. स्टायपेंड पाच हजार. कॉट बेसिसवर राहण्याचे साडेतीन हजार, दोन वेळच्या मेसचे तीन हजार, बसचा पास आणखी वेगळा. पदवी संपल्यामुळे वसतिगृहातली जागा गेलेली. साहेब, हा हिशोब कोणत्याही ऑडिटरला जुळवता येणार नाही.

फर्मने तिला कमी दिले असंही नाही. इन्स्टिट्यूटने २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमात किमान स्टायपेंड दुप्पट केला, तरी मोठ्या शहरात तो महिना चार-पाच हजारांच्या घरात जातो आणि लहान गावांत त्याहून कमी. मोठ्या फर्म जास्त देतात, पण तिथे जागा मिळवणाऱ्यांत आमच्याकडची मुलं क्वचित असतात. ज्याचं घर शहरात आहे त्याला हे पैसे हातखर्चाला पुरतात. बाहेरून आलेल्याला ते जगायला पुरत नाहीत.

मग आम्ही तिच्यासाठी शासकीय मदतीचा अर्ज करायचं ठरवलं. त्यात महाविद्यालयाचं नाव निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तिच्याकडे इन्स्टिट्यूटचं नोंदणीपत्र होतं, फर्मचं पत्र होतं. ती कागदपत्रं घेऊन कार्यालयात गेली, तर बोनाफाइड आणा, हजेरीचा दाखला आणा, त्यावर प्राचार्यांचा शिक्का आणा, असं सांगितलं गेलं. आर्टिकल करणाऱ्या मुलीला प्राचार्य कुठून असणार? तिचे सर म्हणजे फर्ममधले सीए, आणि तिची हजेरी फर्मच्या रजिस्टरला. समोरच्या क्लार्कने तिला नीट बसवून सगळं ऐकून घेतलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर तिच्यासाठी रकानाच नव्हता. आज ती गावातल्या पतसंस्थेत कॅशिअर आहे.

केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत अभ्यासक्रमांच्या यादीत सीए, आयसीडब्ल्यूए, सीएस ही नावं स्पष्ट छापलेली आहेत. म्हणजे धोरण करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही मुलं होती. अंमलबजावणी मात्र कॉलेजच्या लॉगिनमधून चालते, आणि सीएला कॉलेज नसतं. तीच गत भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत देणारी ही योजना मला मनापासून मोलाची वाटते. महिन्याला हे पाच हजार होतात. तेवढे त्या मुलीला मिळाले असते तर ती पुण्यात राहिली असती.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परदेशात राहून जगायला पैसे लागतात, हे बडोद्याच्या दरबाराला कळलं होतं. पुढे १९१८ मध्ये तेच बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य शाखेच्याच मुलांना, अर्थशास्त्र शिकवू लागले.

तेव्हा माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी. इन्स्टिट्यूटकडे झालेली आर्टिकलशिपची नोंदणी हा स्वाधारसाठी आणि शासकीय वसतिगृहासाठी 'प्रवेश' मानावा. बोनाफाइडच्या जागी इन्स्टिट्यूटचं नोंदणीपत्र आणि हजेरीच्या दाखल्याच्या जागी फर्मच्या सीएने सही करून दिलेला दाखला चालावा. एका शासन निर्णयाने हे होईल. दोन वर्षांची मुदत ठरलेली असल्यामुळे बोजा कुठवर जाईल तेही आधीच मोजता येतं. आदिवासी विकासाची स्वयम् आणि इतर मागास बहुजन कल्याणची आधार योजना याच धर्तीवर आहेत; त्या खात्यांच्या मंत्रीमहोदयांशीही आपण बोलावं.

दुसरी गोष्ट फर्म मिळण्याची. मोठ्या शहरात आर्टिकलशिप बऱ्याचदा ओळखीवर मिळते. काकांची फर्म, वडिलांच्या मित्राची फर्म. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी सीए नाही त्यांनी कुणाचा दरवाजा ठोठवायचा? महामंडळं, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आपल्या अंतर्गत लेखापरीक्षणाचं, जीएसटीचं काम सीए फर्मना निविदा काढून देतात. त्या निविदांत, अनुसूचित जाती-जमातींचे आणि पहिल्या पिढीतले विद्यार्थी आर्टिकल म्हणून घेणाऱ्या फर्मला काही गुण जादा ठेवा. सक्ती नको, माझ्या व्यवसायबंधूंना ती रुचणार नाही आणि मुलांनाही नाराजीनं घेतलेल्या जागेत शिकायला मिळणार नाही. पण सरकारी काम हवं असलेल्या फर्मला एवढं करायला जड जाऊ नये.

सीएच्या परीक्षेत उत्तरं लिहायला इंग्रजी आणि हिंदी असे दोनच पर्याय आहेत. मराठी माध्यमातून बारावी कॉमर्स केलेल्या मुलाला 'येणी', 'देणी', 'घसारा' सगळं उत्तम कळतं, पण फाउंडेशनच्या बिझनेस लॉजच्या, म्हणजे व्यापारी कायद्यांच्या, पेपरला तो वाक्यात अडकतो. मराठीतून परीक्षेचा आग्रह राज्याने इन्स्टिट्यूटकडे धरावाच. तोवर बार्टीने (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेने) बारावीनंतरच्या मुलांसाठी इंग्रजीच्या तयारीचा दोन-तीन महिन्यांचा वर्ग जिल्हावार चालवावा.

फीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. जम्मू-काश्मीर, लडाख आणि ईशान्येकडच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना इन्स्टिट्यूटने ७५ टक्के फीसवलत दिलेली आहे. आमच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपण शब्द टाकलात तर तोही ऐकला जाईल, अशी मला आशा आहे.

आमच्या जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या वाढताहेत. कायद्याने प्रत्येकीला दरवर्षी सीएकडून ऑडिट करून घ्यावं लागतं आणि गावात सीए मिळत नाही म्हणून संचालकांना जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. याच गावांतली मुलं इंटर होऊन घरी बसली आहेत. इंटरचा पुढचा निकाल लागायच्या आत शासन निर्णय निघाला, तर त्यातली काही जण लगेच आर्टिकलशिपला लागू शकतील. त्यांची यादी मागवलीत तर मी पाठवतो. भेटीची वेळ दिलीत तर कागदपत्रं घेऊन स्वतः येतो.

आपला विश्वासू,
बीड जिल्ह्यातला एक सीए