पूर नियोजनात मायेलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका सुरू होतात आणि ‘भावनेच्या आहारी जाऊ नका’ हा सल्ला हमखास मिळतो. पोहता न येणाऱ्या पोरानं उडी टाकू नये, इतपत तो बरोबरच आहे. पण भावना म्हणजे मदतीतली अडचण, हे मला पटत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्यानं ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांना पाण्याचा वेढा पडला, तरी गोठ्यातल्या म्हशींपायी कितीतरी जण घर सोडायला तयार नव्हते. लांबून बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. जिच्या दुधावर पोरांची शिक्षणं झाली, तिला दाव्याला बांधून कुणाचा पाय निघेल? अशा घरातल्या आजीला बोटीत आणायचं तर तिचा जीव कशात अडकलाय, हे आधी कळावं लागतं. ते ज्याला कळतं तोच पोरगा तिचं मन वळवू शकतो, आणि पाणी ओसरल्यावर तिच्या घरातला गाळ काढायलाही तोच जातो.

मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दामासिओ यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण तपासले. त्यांची बुद्धी शाबूत होती, पण भावना बोथट झाल्या होत्या. रोजच्या जगण्यातले साधे निर्णयही त्यांना धड जमेनात. म्हणजे नुसत्या हिशेबावर माणसाचं चालत नाही.

भावनेला एकच चेहरा दिसतो आणि मागचे हजार दिसत नाहीत, हे मात्र खरं. ज्या गावाचा व्हिडिओ फिरतो तिकडंच ट्रक वळतात. यावरचा उपाय आपल्याच शहरात आहे. शिकायला आलेल्या पोरांची कणव शाहू महाराजांनी नुसती बोलून दाखवली नाही. १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृह उभं केलं.

म्हणून प्रशासनाला विनंती आहे. पूररेषेतल्या गावांत जनावरांची मोजणी, वैरण आणि निवाऱ्याची जागा पाणी चढायच्या आधीच ठरवा, आणि ती घरोघरी जाऊन सांगा. सांगायला त्याच गावातली, गोठा सांभाळणारी माणसं पाठवा.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर