जाहीर केलेल्या चित्रपट-विभागाचे काय झाले, याचा लेखी खुलासा मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

मी आपल्या थीम पार्कची वार्षिक पासधारक आहे. एका गाजलेल्या चित्रपटमालिकेवर आधारित नवा विभाग उभारणार, असे आपण मोठा गाजावाजा करून जाहीर केलेत. त्याची चित्रे पास नूतनीकरणाच्या जाहिरातीतही छापलीत. ती पाहूनच मी पास पुन्हा घेतला. पुढे त्या जागेवरची बोटीची सफर आपण बंद केलीत आणि भोवती पत्रे ठोकलेत. आता पत्र्यांवरचा ‘लवकरच’ हा फलक उतरला आहे आणि संकेतस्थळावरून त्या विभागाचे पानही काढले गेले आहे. चौकशी खिडकीवर ‘योग्य वेळी कळवू’ एवढेच सांगतात, ईमेललाही तेच ठरावीक उत्तर येते.

अशी कामे लांबतात, याची मला कल्पना आहे. चित्रपटाचे हक्क एका कंपनीकडे, पार्क दुसरीचे, त्यात खर्च वाढत जातो. फ्लोरिडातला ‘अवतार’वरचा पँडोरा विभाग २०११ मध्ये जाहीर झाला आणि २०१७ मध्ये खुला झाला. तिथल्याच एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सल कंपनीच्या थीम पार्कचे काम २०२० मध्ये साथीमुळे थांबले, तेव्हा कंपनीने तसे जाहीर केले. २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू होत असल्याचेही सांगितले आणि २०२५ मध्ये पार्क उघडले. डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये होऊ घातलेले ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटावरचे आकर्षण २०१९ मध्ये जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी लांबणीवर पडले. चाहत्यांची निराशा झाली असेल, पण ते लांबणीवर टाकल्याचे डिस्नेने लपवले नाही. आपण मात्र गुपचूप पान काढून टाकलेत. माझी तक्रार उशिराबद्दल नाही, या मौनाबद्दल आहे.

बोटीची सफर गेल्याचे दुःख वेगळेच. तिला उंचीची अट नव्हती. आजी-आजोबा आणि कडेवरचे मूल एकाच बोटीत बसू शकत. त्या सफरीमागे कुठलाही चित्रपट नव्हता, तिची गोष्ट पार्कची स्वतःची होती, आणि मला ती फार आवडायची. नव्या विभागाचे करार आणि निधी पक्के होण्याआधीच ती बंद करण्याची घाई का केली? आज तिथे जुनेही नाही आणि नवेही नाही, तरी पासचे शुल्क पूर्वीइतकेच आहे.

हा विभाग होणार आहे, पुढे ढकलला आहे की रद्द झाला आहे, हे आपण स्पष्ट लिहून कळवावे. होणार असेल तर काम कोणत्या टप्प्यावर आहे तेही सांगावे. रद्द झाला असेल तर बोटीची सफर पुन्हा सुरू करता येईल का, याचे उत्तर द्यावे. तसेच ती जाहिरात पाहून ज्यांनी पास घेतले, त्यांना उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागण्याची मुभा मिळावी.

उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी मिळावे. न मिळाल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन. जाहिरातीची प्रत आणि पासची पावती सोबत जोडली आहे.

आपली,
एक वार्षिक पासधारक