आई, तुझ्या हातानं काही बिघडलेलं नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

छकुली सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. व्हेंटिलेटर निघाला, ताप उतरला, ऑक्सिजनही बंद झाला. आयसीयूतून वॉर्डात आणल्यापासून रात्री बऱ्यापैकी झोपते. नाकातून पोटात घातलेली नळी अजून आहे, तिच्यातूनच दूध आणि फिटची औषधं जातात. काल तिच्या बाबानं शीळ घातली तर मान वळवून त्याला शोधलं आणि इतक्या दिवसांनी हसली.

आई, हे पत्र मुख्यतः तुझ्यासाठी आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "मीच भरवत होते गं तिला," आणि फोन बाबांच्या हातात दिलास. तेव्हापासून फोन केला की बाबा सांगतात, ती झोपलीय. भर दुपारी झोपलीय, संध्याकाळी सातलाही झोपलीय. मला कळतं गं. हे बोलायला गेले की माझाही गळा दाटतो आणि मग दोघी नुसत्या रडत बसू, म्हणून लिहून काढतेय. बाबा, तिला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

तिच्या गिळण्याची तपासणी झाली. एक्स-रेच्या यंत्रासमोर तिला तिच्या खुर्चीत टेकवून बसवलं, मानेला आधार दिला आणि एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम मिसळलेलं पातळ चमच्यानं पाजायला सांगितलं. गिळलेलं कुठून कुठे जातं त्याचं हलतं चित्र पडद्यावर दिसतं. चमचा माझ्या हातात होता. थेरपिस्ट शेजारी उभी राहून सांगत होती, एवढंच घ्या, ओठांना लावा, थांबा, आता द्या. सगळं तिच्या सांगण्याबरहुकूम करूनसुद्धा एक बारीक काळी रेघ अन्ननलिकेकडे न जाता पुढच्या बाजूनं श्वासनलिकेत उतरली. मी पडद्यावरून नजर काढून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ठसका नाही, चेहरा लाल नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडून बसली होती.

याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. आपण गिळतो तेव्हा साधारण सेकंदभर श्वास आपोआप थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि घास गेला की पुन्हा उघडतं. ही सगळी वेळ मेंदू सांभाळतो. तिची सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिचे ताठ हातपाय येतात, पण जीभ आणि घसाही स्नायूच आहेत, आणि तेही त्याच मेंदूच्या हुकमात. बाबा, तिच्या फाइलवरच्या ‘लेव्हल फाइव्ह’चा अर्थ तुम्ही विचारला होतात. हालचालींवरून मुलांच्या पाच पातळ्या पाडणारी ही मोजपट्टी 1997 साली आली. पाचव्या पातळीतल्या मुलांना मान आणि धडही स्वतःचं स्वतः सावरता येत नाही, आणि गिळण्याचा त्रास याच मुलांत सगळ्यात जास्त असतो. चुकीच्या वाटेनं काही गेलं तर जोराचा ठसका लागून ते बाहेर फेकलं जायला हवं. छकुलीला तो ठसकाच लागत नाही.

ठसका लागला असता तर तू हात थांबवला असतास, आई. ज्याची खूणच बाहेर उमटत नाही ते चमचा धरणाऱ्याला कळणार कसं? आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर तिची छाती सारखी भरत होती, त्यामागेही बहुधा हेच असणार. म्हणजे महिनोन्‌महिने थोडंथोडं जात होतं, भरवणारा हात कुणाचाही असो. उजव्या फुप्फुसाकडची वाट डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून छातीच्या एक्स-रेत उजवीकडचा खालचा भाग पांढरा दिसला. त्या एका दुपारच्या एका घासानं एवढं होत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं आहे. तुला सांगायचं होतं म्हणूनच विचारलं.

आता त्या दुपारचं. तू मनात फक्त भरवणं धरून बसली आहेस, पण त्यानंतर तुम्ही दोघांनी काय केलंत ते मला लिहायचंच आहे. तापात तिला फिट आली. मी कामावर, तिचा बाबा प्रवासात. तू तिला लगेच कुशीवर वळवलंस, मानेखाली हात घातलास, आणि शेजारच्या बाई चमचा घेऊन धावल्या तर तोंडात काही घालू दिलं नाहीस. बाबांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं होऊनही फिट थांबेना तेव्हा शिकवल्याप्रमाणे नाकात मिडाझोलामचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, फवारा मारला, अँब्युलन्सला फोन केला आणि फवाऱ्याची वेळ कागदावर लिहून ठेवली. तो चुरगळलेला कागद आयसीयूतल्या डॉक्टरांनी हातात घेऊन नीट वाचला आणि तिच्या फाइलला लावला.

बाबा, पाचच मिनिटं का, असं तुम्ही मागे विचारलं होतं. पूर्वी अर्धा तास सलग झटके चालू राहिले तरच त्याला मोठं संकट मानत. 2015 साली एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोन रेषा आखल्या: सगळं अंग झटकणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली की ती आपोआप थांबेल या भरवशावर न राहता औषध द्यायचं, आणि अर्ध्या तासापुढे गेली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. या दोन रेषांच्या मधला वेळ तुम्ही दोघांनी वाया जाऊ दिला नाहीत.

आयसीयूबद्दल फार लिहीत नाही. जीव टांगणीला लागला होता, बाहेरच्या बाकावर आम्ही आळीपाळीनं बसत होतो, आणि सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा खाली आला की हातपाय गळायचे. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. व्हेंटिलेटर लावायच्या वेळी एका डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अशी मुलगी आहे, किती ताणायचं याचा विचार करा." न्यूमोनिया झालेल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईवडलांना हे कुणी विचारलं नाही. उपचार सोसणार नाहीत अशी वेळ येते, तेव्हा डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगावं, आम्ही ऐकू. पण ते फुप्फुसांकडे बघून बोलत नव्हते, तिच्या खुर्चीकडे बघून बोलत होते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 सालचा आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमात अपंगत्वामुळे उपचार, अन्न किंवा पाणी नाकारता येणार नाही असं लिहिलंय. मला त्या वेळी कलम बिलम आठवलं नाही, बाबा. मी एवढंच म्हणाले की दुसऱ्या मुलासाठी जे कराल ते हिच्यासाठी करा. त्यांनी केलं. आणि ती बरी झाली.

दुसरी गोष्ट तुझी आहे, आई. न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं मोजायला नर्सकडे एक तक्ता असतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत निघणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. मतिमंद किंवा न बोलणाऱ्या मुलांसाठी तो 2006 साली सुधारला, आणि आता त्यात घरच्यांनी त्या मुलाच्या खास खुणा लिहायच्या असतात. झोपेचं औषध कमी केलं तेव्हा नर्सनं मला विचारलं, हिच्या काय खुणा? मी लिहिलं: डावा अंगठा मुठीत घट्ट धरते, श्वास रोखते, छताकडे बघत राहते. हा अंगठा तू शोधून काढलेला आहेस, ती वर्षाची पण नव्हती तेव्हा. त्याच रात्री नर्सला तिचा अंगठा मुठीत दिसला. यंत्रावरचे आकडे सगळे ठीक होते, रडण्याचा आवाजही नव्हता. तिनं चादर उचलून पाहिलं तर सलाइन शिरेबाहेर पसरून हात सुजला होता. लगेच सुई काढली. तू जवळ नसताना तुझं लक्ष तिथे होतं, असं मी मानते.

पैशांचं थोडक्यात. विमा कंपनीनं जन्मापासूनचा आजार म्हणून हात वर केलेत. लेखी तक्रार केली आहे, बघू. तिच्या बाबाची भरपगारी रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. ओढाताण आहे, खोटं सांगत नाही. पण बाबा, तुम्ही एफडी मोडायची नाही आणि आईच्या बांगड्यांना हात लावायचा नाही. थोरल्याला तुम्ही सांभाळताय, त्याचा अभ्यास घेताय, रात्री त्याला जवळ घेऊन झोपताय, यानंच आम्हाला इथे उभं राहता येतंय. तो फोनवर विचारत होता, "छकुली मरणार होती का?" मी हो म्हणाले, पण आता ती बरी होतेय असंही सांगितलं. तुम्हालाही विचारेल. विषय बदलू नका, त्याला खरंच सांगा.

आता ज्यावरून बाबा माझ्यावर चिडले ते. "पोटाला भोक पाडून पोरीला जेवू घालायचं?" असं तुम्ही म्हणालात. आम्हीही हो म्हणायच्या आधी दोघं बराच वेळ बोललो. गॅस्ट्रॉस्टॉमी, म्हणजे भरवायला पोटातून नळी बसवणं, करायची असं ठरलं आहे, तिची छाती पूर्ण मोकळी झाली की.

नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. ती नाक आणि घसा खरवडते, निसटते, चुकून फुप्फुसात गेली तर भलतंच होतं. पोटातली नळी कातडीतून थेट जठरात जाते. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागे. 1979 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकल गॉडेरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मदतीनं, पोट न उघडता ती पहिल्यांदा बसवली, आणि ती एका तान्ह्या बाळाला बसवली होती. आज म्हाताऱ्या माणसांना ती सर्रास बसवतात, पण सुरुवात लहान मुलांपासून झाली. काही आठवड्यांनी वाट पक्की झाली की लांब नळी काढून कातडीबरोबर बसणारं छोटं बटण लावतात. फ्रॉकखाली कळतही नाही. आणि पुढे कधी गरज उरली नाही तर नळी काढल्यावर भोक बहुतेक वेळा आपलं आपण भरून येतं.

यानं सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. लाळ तरीही चुकीच्या वाटेनं जाऊ शकते, पोटातलं वर येऊ शकतं. भोकाच्या कडेनं लाली येते, कधी पू होतो. बटण निघून आलं तर काही तासांत वाट बुजायला लागते, म्हणून लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. भुलीची भीती मला आहेच. पण तिचं वजन किती घटलंय ते तुम्ही बघितलं आहे. जेवणं तासतास चालायची आणि शेवटी ती दमून, घामेघूम होऊन झोपी जायची. फिटची गोळी अर्धी ओघळायची आणि किती पोटात गेली याचा अंदाज आपण बांधायचो. आता औषध मोजून जाईल, पाणी पुरेसं जाईल, आणि प्रत्येक घासाला तिच्या श्वासाचा सौदा करावा लागणार नाही.

आई, तुला काय वाटतंय ते मला माहीत आहे. तिच्याशी तुझं बोलणं भरवण्यातूनच व्हायचं. तू चमचा पुढे करायचीस, ती तोंड उघडायची, तू तिच्या हनुवटीला बोट लावायचीस. तेच आपण काढून घेतोय असं तुला वाटतं. थेरपिस्टला मी आधी हेच विचारलं. ती म्हणाली, छाती बरी झाल्यावर पुन्हा तपासून, झेपत असेल तर चवीपुरतं, दाट, चमच्याच्या टोकावर एवढंसं देता येईल. पोट भरायला नाही, आवडतं म्हणून. ते कुणी द्यायचं हे मी ठरवून टाकलंय.

आणि नळीतून भरवायलाही तूच शिकायचंस. अवघड नाही. तिला डोकं आणि छाती वर येईल असं टेकवून बसवायचं, आधी थोडं पाणी सोडून नळी मोकळी आहे ना बघायचं, मग दूध हळूहळू, घाई न करता. ती कण्हली किंवा अंगठा मुठीत गेला की थांबायचं. शेवटी पुन्हा पाणी, आणि पुढे अर्धा तास तरी तिला आडवं करायचं नाही. या अर्ध्या तासात ती मांडीवर बसायची आहे, आणि माझ्यापेक्षा तुझ्या मांडीवर ती जास्त टिकते.

ऑपरेशननंतर घरच्यांना शिकवायला नर्स दोन वेगवेगळ्या दिवशी वेळ देणार आहे, तारखा कळल्या की कळवते. दोघंही या. थोरल्यालाही आणा, त्याला भोक बघायचंय, बघू दे. बाबांनी जवळचा चष्मा विसरू नये, सिरिंजवरचे आकडे बारीक असतात. बीपीच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, उशीर झाला तर इथेच राहावं लागेल. आईच्या गुडघ्यांना जिना झेपणार नाही, मागच्या दारानं या, तिथे लिफ्ट आहे.

तुमची,
लेक