केस पुसून झोप

मालवण, आषाढ

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तू दार आपटून वेंगुर्ल्याला गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. पडवी दोनदा धुतली, तरी तो बसला होता तिथे मिठाची पांढरी कड उमटतेच आहे. भांडणाचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच कागद घेतलाय. एवढंच सांग, केस पुसतेस ना? बाळदम्याच्या रात्री तुला आठवत नसतील, मला आठवतात.

मी त्याच्या अंगावर उडीद फेकले, ते चुकलंच. पण मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर "घरची आठवण झाली" म्हणून हसतो! आजीने गिऱ्ह्याचं, त्या पाण्यातल्या भुताचं, भय घालून आम्हांला तिन्हीसांजेनंतर खाडीवर जाऊ दिलं नाही, आणि तू त्याचा तुझ्या वधूवर मंडळात फॉर्म भरून घेतलास. हो, मी चोरून वाचला. उंची: भरतीला सात फूट, ओहोटीला साडेपाच. व्यवसाय: स्वतंत्र. अपेक्षा: मुलीला पोहता यावं. तीन स्थळं दाखवलीस, तिन्ही नाकारली, आणि चौथ्या खेपेला म्हणे "तुमचं कुठे ठरलंय का?" मंडळाच्या नियमात बसतं का गं हे? मामींच्या धाकटीचं तू जमवलंस तेव्हा मी भर बाजारातून मान वर करून आले होते. आता मासेवाली विचारते, "चेडवाचा खय जमला काय गो?" मी म्हणते, दर्याकडचं स्थळ आहे. खोटं तर नाही.

आजी म्हणायची, गिऱ्ह्याची शेंडी कापून लपवली की तो जन्मभर घरात पाणी भरतो. तू तसलं काही करू नकोस हां. नवऱ्याला धाकात ठेवून संसार होत नाहीत. आधी त्याच्या माणसांची चौकशी करावी, मग... बघ, लागले शिकवायला. तुझा धंदाच तो. चुकले. पण ओल्या केसांनी झोपू नकोस.

त्याने आणलेलं पोतं मागच्या पडवीत आहे. सगळे नारळी पौर्णिमेचे नारळ, शेंड्यांत बारीक शिंपले अडकलेले. दर्याला वाहिलेलं परत कसं घ्यायचं, म्हणून हात लावला नव्हता. काल लावला. एकावर सोनेरी बेगडीचा तुकडा आहे, खाली लाल दोरा, तीन गाठींचा. तीन गाठी वाड्यात बाबांशिवाय कोण मारायचं? 2009 ला पण मारल्या होत्या. मग नोव्हेंबरात फयान वादळ आलं.

तो नारळ देवाजवळ ठेवलाय. कुठे मिळाला ते त्याला विचार. नको, विचारू नकोस. विचारलंस तर मला फोनवर सांगू नकोस, घरी येऊन सांग.

दोघं या. तारीख मात्र तुळशीचं लग्न झाल्यावरच धरायची. होड्या वर ओढलेल्या आहेत, ताजी मासळी मिळायची नाही, सुक्या गोलम्याचं किसमूर करीन. त्याच्या ओळखीतले निघायचे मेले. आधी विचारून कळव.

तुझी,
आई