गुलाबी हायलायटर आणि काळी झेरॉक्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परळला एका कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आजकालची मुलं वाचत नाहीत असं पत्र तुमच्या पानावर दर महिन्याला एक तरी येतं, म्हणून म्हटलं आपणही लिहू. मला ते काय पटत नाही. मुलं वाचतात हो, परीक्षेच्या आधी माझ्या काउंटरवर जी पानं येतात ती हाताळून हाताळून पार चोळामोळा झालेली असतात. फक्त त्या पानावर बघायचं काय हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

मागच्या सेमला एफवायची एक मुलगी आली, हिस्ट्रीच्या नोट्स घेऊन. झेरॉक्स काढली तर पान जवळपास काळं. म्हणाली, काका मशीन खराब आहे का. मशीन कशाला खराब असेल, तिने वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी गुलाबी हायलायटरने रंगवलेल्या, पिवळा रंग झेरॉक्समध्ये उडून जातो पण गुलाबी काळपट उमटतो हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मी म्हटलं, अगं एवढं सगळं कशाला रंगवलंस? तर म्हणे, काका सगळंच इम्पॉर्टंट आहे ना.

आता तो उतारा होता गिरण्यांवर, आणि माझे वडील गिरणीत, त्यामुळे मला राहवलं नाही, गर्दी नव्हती तर वाचायला घेतला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, कामगारांचे पुढारी दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळं त्यात होतं. तिला विचारलं की हा पॅरेग्राफ कशाबद्दल आहे, ती लगेच म्हणाली संपाबद्दल. नव्हताच तो संपाबद्दल! पॅरेग्राफचं म्हणणं असं की गिरण्यांचं दुखणं संपाच्या आधीपासूनचं, मशिनरी जुनाट, मालक नवीन पैसा घालायला तयार नाहीत, भिवंडीच्या पॉवरलूमवर कापड स्वस्तात निघतंय, आणि संप म्हणजे आधीच आजारी असलेल्या माणसाला बसलेला फटका. संपाची तारीख आणि आकडा त्या फटक्याचा जोर दाखवायला आलेत. आमच्या बाबांना हे म्हणणं कधीच पटलं नसतं तो भाग वेगळा, पण लेखक काय म्हणतोय ते आधी कळलं तर भांडणार ना.

तिला मी दहीहंडीवरून सांगितलं, आमच्याकडे दुसरं काय उदाहरण देणार. हंडीला हात घालणारं पोरगं एकच असतं, तसं पॅरेग्राफचं मेन वाक्य एकच. खालचे थर म्हणजे कारणं, पुरावे. आणि थराच्या बाहेर पाठीला हात लावून उभे असतात ती माणसं म्हणजे तारखा, नावं, किस्से. आता प्रत्येक वाक्य काढून बघायचं, काढल्यावर वरचं पोरगं खाली येतंय का? पॉवरलूमचं वाक्य काढलं तर थर हलतो. जानेवारीची 18 तारीख काढली तर काही होत नाही, पाठ करायची तर जरूर करा पण तिच्यावर उत्तर उभं राहत नाही. आणि वरचं पोरगं नेहमी पहिल्याच ओळीत सापडेल असं नाही, इंग्लिश टेक्स्टबुकात बहुतेक वेळा सुरुवातीला असतं, आपल्या मराठी लेखकांचं बरेचदा शेवटी, कधी कधी तर लिहिलेलंच नसतं, आपणच ओळखायचं.

दुसरी गोष्ट मांडणीची. त्यानंतर, पुढे, अखेर असे शब्द आले की घटना क्रमाने चालल्यात, परिणामी किंवा त्यामुळे आलं की कारण आणि परिणाम, याउलट आलं की तुलना, म्हणजेच आलं की व्याख्या, हे तसं सोपं आहे आणि हे शब्द पेन्सिलीने गोल केले तरी निम्मं काम होतं. पण निम्मंच. कारण लेखक चकवतात. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, त्यानंतर मुंबईत कापसाचे भाव कडाडले, 1865 ला युद्ध संपलं, त्यानंतर भाव पडले आणि कापसाच्या पैशावर शेअर घेणारे बुडाले. शब्द सगळे क्रमाचे, पण मामला कारणाचा आहे, तिकडचा कापूस यायचा बंद झाला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी इथला उचलला. प्रश्न आला 'कारणे लिहा' आणि मुलाने एकाखाली एक सनावळ्या लिहिल्या तर मार्क कापणारच, आणि मुलगा येऊन मला सांगणार की काका सगळं बरोबर लिहिलेलं.

26 जुलै 2005 तर आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेला. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, हा आकडा मुंबईत रिक्षावाल्यालाही पाठ आहे. पण तो आकडा कशाचा पुरावा आहे? पाऊस भयंकर होता याचा. बाजूला लिहिलं की कुलाब्याला त्याच दिवशी 73 च्या आसपास, की तोच आकडा तुलनेचा झाला, एकाच शहरात इकडे बुडतायत आणि तिकडे नेहमीचा पाऊस. आणि गटारं तुंबली ती का, याला 944 एकटा पुरत नाही, तिथे वेगळा आकडा लागतो की आपली जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. म्हणजे एकच आकडा एका पॅरेग्राफमध्ये थर आणि दुसऱ्यात नुसता पाठीला हात. गाईडमध्ये मात्र तो सगळीकडे बोल्ड.

गाईडवर माझा राग नाही, माझं पोट त्याच्या झेरॉक्सवर चालतं. पण दहावीपर्यंत मुद्दे तयार मिळतात, एक ते आठ, पाठ करा आणि उतरवा, आणि मग कॉलेजात गेल्यावर एकदम चाळीस पानांचं रीडिंग, त्यात मराठी मीडियमचं पोर असेल तर ते इंग्लिशमध्ये, ते बिचारं आधी डिक्शनरी बघणार की लेखकाची मांडणी बघणार? शब्द अडला तरी थर दिसू शकतात हे त्याला कोणी सांगत नाही. काही कॉलेजांत कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरात हे थोडंफार शिकवतात म्हणे, पण तिथे ते तेवढ्या मार्कांपुरतं. हिस्ट्रीच्या, इकॉनॉमिक्सच्या, जिऑग्राफीच्या सरांनी आपल्याच पुस्तकातलं एक पान घेऊन वर्गात सेमच्या सुरुवातीला फक्त दोन लेक्चर उघडं करून दाखवावं, की हे वाक्य बोलतंय आणि ही चार त्याला धरून आहेत. सिलॅबस पुरा होत नाही असं सर म्हणतील. होत नाही हे खरंय, पण मुलं सिलॅबस माझ्या दुकानातून पुरा करतात तेव्हा ती दोन लेक्चर गेली तर काय एवढं बिघडणार नाही. मी स्वतः एसवायला कॉलेज सोडलं, त्यामुळे प्राध्यापकांना शिकवायला निघालोय असं कोणाला वाटलं तर वाटो.

ती मुलगी गेल्या आठवड्यात परत आली. या वेळी हायलायटर नाही, पानभर मिळून पेन्सिलीच्या तीन रेघा आणि एका वाक्यापुढे प्रश्नचिन्ह. म्हणाली, काका हे वाक्य इथे कशाला आलंय तेच कळत नाही, कोणालाच धरून नाहीये. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, मलाही कळेना. मी म्हणतोय ते खालच्या पॅरेग्राफचं असणार, ती म्हणतेय नाही काका, टायपिंग करणाऱ्याने मधली ओळ गाळली असेल, असं आमचं चाललेलं तोवर मागून एक पोरगा ओरडला, काका माझी चाळीस पानं, बॅक टू बॅक, लेक्चर सुरू झालं!

आपला,
एक झेरॉक्सवाला, परळ