खेळाडूंच्या अर्धवट राहिलेल्या पदव्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये विदर्भाने जामठ्याला केरळविरुद्ध खेळून तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच जुलैत आपल्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. दोन्ही वेळा नागपूरकर म्हणून ऊर भरून आला. पण माझी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात गेली, त्यामुळे खेळाडू म्हटला की मला त्याचे अडकलेले पेपरही आठवतात.

आपल्याकडे हिवाळी परीक्षा आणि खेळाचा हंगाम एकमेकांवरच येतात. रणजी सामने ऑक्टोबरात सुरू होतात, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि निवड शिबिरेही त्याच सुमारास. पोरगा संघासोबत गेला की दोन पेपर राहतात. उन्हाळीला काढू म्हणतो, तर तेव्हा दुसरे शिबिर लागते. पुढे एखाद्या लीगचा करार मिळाला की कॉलेज सुटतेच. यात त्याचे काहीच चुकत नाही. अंगात जोर आहे तोवरच खेळता येते. मग बत्तिशी-तेहतिशीत गुडघा दगा देतो आणि नोकरीच्या जाहिरातीत पहिलीच अट पदवीची असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पद पदवीचे असेल तर त्या आरक्षणालाही पदवी लागतेच.

असाच एक कबड्डीपटू आमच्या खिडकीशी आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या बी.कॉम.च्या दोन वर्षांच्या मार्कशीट, वर राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रे. त्याने एवढेच विचारले, "मॅडम, माझा एनरोलमेंट नंबर चालू आहे ना जी?" रजिस्टरमध्ये त्याचे नाव होते, नंबरही होता. पण मधल्या काळात वार्षिक पद्धत जाऊन सेमिस्टर आले होते, अभ्यासक्रम बदलला होता. त्याने पास केलेले विषय नव्या रचनेत कुठे बसवायचे, याचा तक्ता कोणाकडेच नव्हता. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून शेवटी त्याला उत्तर मिळाले, पुन्हा प्रथम वर्षाला प्रवेश घ्या. घरी दोन लेकरे असलेल्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटले. तो पुन्हा आला नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलपटू शकील ओनील १९९२ मध्ये विद्यापीठ सोडून गेला आणि २००० मध्ये परत येऊन पदवीधर झाला. स्टीफन करीने २००९ मध्ये सोडलेले शिक्षण २०२२ मध्ये पूर्ण केले. ही कोट्यधीश माणसे, त्यांना पदवीवाचून काय अडले होते? तरीही त्यांना परतायची वाट मोकळी होती. ज्याचे पदवीवाचून खरोखरच अडते, त्या आपल्या पोरांना ती का नसावी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून परत येण्याची सोय केली आहे. पास केलेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या शैक्षणिक बँकेत विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात, ही फार चांगली गोष्ट. मात्र त्यांची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षे. एकोणिसाव्या वर्षी मैदानात उतरलेला खेळाडू सव्विशीत ऐन भरात असतो, आणि तेवढ्यात त्याचे श्रेयांक बाद होतात! राज्याकडून किंवा विद्यापीठाकडून खेळलेल्यांसाठी ही मुदत शेवटच्या स्पर्धेपासून मोजावी. नियम दिल्लीचा आहे, पण विद्यापीठाने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आग्रह तर धरावा.

मुक्त विद्यापीठात जा, असे कोणी म्हणेल. जरूर जावे, मीही अनेकांना पाठवले आहे. पण दोन वर्षे घासून पास केलेले पेपर का वाया घालवायचे?

दोन कामे तर दिल्लीला न विचारता इथेच करता येतील. जुन्या-नव्या विषयांचा समकक्षता तक्ता विद्यापीठाने संकेतस्थळावर टाकावा, आणि स्पर्धेमुळे पेपर बुडालेल्या खेळाडूची परीक्षा त्याच सत्रात वेगळी घ्यावी. येत्या हिवाळी परीक्षेचे अर्ज निघण्याआधी कुलगुरूंनी एवढा निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर