न वापरलेल्या पाळणाघराचे पैसे कुणाचे? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी खेडची. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट होते. नोकरी सोडली, हिशेब झाला, रजेचे पैसे आले, पीएफचा फॉर्म भरला. शेवटच्या स्लिपवर मात्र एक ओळ होती: ‘पाळणाघर जमा रु. १३,२०० – लॅप्स.’ म्हणजे बुडाले.

हे पैसे कंपनीने दिलेले नव्हते. दर महिन्याला १,२०० रुपये माझ्या पगारातून कापले जात होते. कंपनी त्यात आपला वाटा घालायची आणि चिपळूणच्या एका पाळणाघराशी करार होता. कपातीला मी सही दिली होती, तेही कबूल. चौदा महिने पैसे कापले गेले. पाळणाघर वापरलं फक्त तीन महिने.

का नाही वापरलं? माझी पाळी सकाळी सातची. सहा वाजून दहा मिनिटांनी भरणे नाक्यावर कंपनीची बस, आणि पाळणाघर उघडणार साडेनऊला, तेही परशुराम घाटाच्या पलीकडे. ते तीन महिने जमलं ते जनरल शिफ्ट होती म्हणून. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायदा सांगत होता, आणि आता त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही सांगते, की पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता यावं. चार वेळा! पावसात घाटात दरड आली की चिपळूणला एकदा पोहोचण्याची मारामार. अंगणवाडी दुपारी सुटते. लेकराला सासूबाईंनी सांभाळलं. त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी राजीनामा दिला. म्हणजे पाळणाघर सोयीचं नव्हतं म्हणून नोकरी सोडली, आणि नोकरी सोडली म्हणून पाळणाघराचे पैसे गेले.

एचआरमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, पॉलिसीच तशी आहे.”

असेल. पण पॉलिसी कायद्याच्या वर कशी? सेवेपोटी पगारातून होणारी कपात त्या सेवेच्या किमतीपेक्षा जास्त असू नये, हे १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमात होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. अकरा महिने मला सेवा मिळालीच नाही, मग तिची किंमत किती धरायची? माझ्या साध्या हिशेबाने शून्य. फार तर करारात ठरावीक जागा राखून ठेवल्याचे पैसे कंपनीने भरले असतील. तसं असेल तर पावती दाखवावी, मी गप्प बसेन. पण स्लिपवर ‘जमा’ लिहायचं आणि माणूस गेलं की तीच जमा गिळायची, हे पटत नाही.

कंपनीचा वाटा मी मागत नाही. (नवरा म्हणतो, तोही माग. मला ते बरोबर वाटत नाही. तो नोकरीत असेपर्यंतचा लाभ होता.) माझा पगार मात्र माझाच.

माझं तरी काहीतरी कापलं जात होतं म्हणून स्लिपवर दिसलं. वेंगुर्ल्याकडे काजू सोलणाऱ्या, रत्नागिरीत मासळी निवडणाऱ्या कंत्राटी बायांच्या नशिबी स्लिपही नसते. पोर शेडच्या कडेला झोळीत. त्यांचं गाऱ्हाणं माझ्यापेक्षा मोठं आहे, त्यासाठी वेगळं पत्र लागेल.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायला वेतन संहिता सांगते. राज्याच्या नियमांत एवढं एक वाक्य घाला: पाळणाघरासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली आणि न वापरलेली रक्कम त्याच दोन दिवसांत परत करावी. आणि लोट्यासारख्या ठिकाणी पाळणाघर औद्योगिक वसाहतीतच, पहिल्या पाळीआधी उघडणारं असावं. छोट्या कारखान्यांना एकेकट्याने परवडत नसेल तर चार जणांनी मिळून चालवावं.

चौदाही स्लिपा जपून ठेवल्या आहेत. आपल्या कार्यालयाने मागितल्या तर झेरॉक्स काढून पाठवते.

आपली,
एक माजी लॅब केमिस्ट
खेड, जि. रत्नागिरी